आठवं स्केच

माझ्याकडे लग्नाचे ब्लाउज आणि घागरे शिवायला येणाऱ्या मुलींचं एक ठरलेलं वाक्य असतं, ताई, साखरपुड्याला शिवला होता ना सेम त्याच फिटिंगचा पाहिजे, पण तसाच दिसायला नको. आधी मला याचा जाम राग यायचा, म्हणजे बाई नक्की काय पाहिजे तुला, एकदा ठरव ना. मग एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या ड्रेसची सगळी हकीकत मी नीट वाचून काढली आणि लक्षात आलं की हिनंसुद्धा डिट्टो हेच केलं होतं, तेही ब्रिटनच्या सगळ्यात नामवंत डिझायनरसोबत. त्यानं बिचाऱ्यानं एक नाही दोन नाही, नऊ स्केचेस काढली. ते प्रकरण आज जरा सविस्तर लिहिते. कारण आपण फोटोत तो झगा बघतो आणि म्हणतो वा काय भरतकाम, पण खरी गंमत त्या कागदांवर झालीय.

आधी माणूस कोण ते सांगते. नॉर्मन हार्टनेल, जन्म 1901, लंडनमधल्या स्ट्रेटहॅमचा, आईवडील पब चालवायचे. केंब्रिजला गेला पण डिग्री न घेताच बाहेर पडला, तिथं असताना नाटकांत काम कर, नाटकांचे कपडे डिझाइन कर असं चालू होतं. हे नाटकाचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. 1923 ला त्यानं मेफेअरमधल्या ब्रूटन स्ट्रीटवर दुकान थाटलं आणि 1934 ला त्याच रस्त्यावर 26 नंबरच्या मोठ्या जागेत गेला. याच ब्रूटन स्ट्रीटवरच्या 17 नंबरच्या घरात 1926 साली एलिझाबेथचा जन्म झालेला! म्हणजे क्लायंट त्याच गल्लीतली म्हणायला हरकत नाही. 1938 ला तिच्या आईच्या पॅरिस दौऱ्यासाठी यानंच सगळे पांढरे कपडे केले होते, दौऱ्याच्या तोंडावर एलिझाबेथची आजी, म्हणजे आईची आई, वारली म्हणून दुखवटा होता आणि काळ्याऐवजी पांढरा दुखवटा चालतो ही जुनी रीत शोधून काढली गेली. म्हणजे अडचणीतून वाट काढायची सवय त्याला तेव्हापासूनची.

1947 ला एलिझाबेथचं लग्न झालं तेव्हाचा ड्रेससुद्धा त्याचाच. युद्ध संपलेलं पण कपड्यांचं रेशनिंग चालूच, राजकन्येलासुद्धा कुपनं लागली. दहा हजार बारीक मोती अमेरिकेतून मागवले. आणि त्यात एक भन्नाट भानगड झाली, रेशीम कुठल्या किड्यांचं यावर लोकांनी गहजब केला, शत्रूदेशाचे, म्हणजे जपानी किंवा इटालियन किडे तर नाहीत ना म्हणून. हार्टनेलला खुलासा करावा लागला की किडे चिनी आहेत, आणि तेसुद्धा राष्ट्रवादी चीनचे. किड्यांचंही राष्ट्रीयत्व तपासलं लोकांनी, बोला आता. पण यातून तो एक गोष्ट पक्की शिकला असणार असं मला वाटतं, की राजघराण्याच्या कपड्यात प्रत्येक धाग्याला कुणीतरी जाब विचारणार आहे.

तर फेब्रुवारी 1952 मध्ये राजा गेला, मुलगी राणी झाली, राज्याभिषेक ठरला 2 जून 1953 चा. ऑक्टोबर 1952 मध्ये तिनं हार्टनेलला सांगितलं की ड्रेस तुम्ही करा. सूचना किती, तर दोनच. कापड पांढरं सॅटिन, आणि घाट लग्नाच्या ड्रेससारखा. बस. सव्वीस वर्षांची मुलगी, हजार वर्षांची परंपरा असलेला समारंभ आणि ब्रीफ दीड ओळीचं. असलं ब्रीफ आलं की मला घाम फुटतो, कारण क्लायंट कमी बोलते तेव्हा तिच्या मनात काहीच नसतं असं नाही, तिला ते समोर दिसल्याशिवाय सांगता येत नाही एवढंच.

म्हणून मग त्यानं आधी लायब्ररी आणि म्युझियम गाठलं, जुन्या राण्यांनी काय घातलं होतं ते बघितलं, आणि चित्रं काढायला बसला. इथं ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फॅशन स्केच म्हणजे कटिंगचा नकाशा नव्हे. त्यात मापं नसतात, शिलाई कुठं येणार ते नसतं, बाई तर खऱ्यापेक्षा लांबच लांब काढलेली असते, खरं माणूस साधारण साडेसात डोक्यांच्या उंचीचं आणि स्केचमधली बाई नऊ डोक्यांची. राणी प्रत्यक्षात पाच फूट चार इंच. म्हणजे कागदावर जी नक्षी ऐसपैस बसते ती अंगावर आली की दाटीवाटी होते. मग स्केच कशासाठी? तर बोलणं सुरू करण्यासाठी. क्लायंटला हो किंवा नाही म्हणता यावं म्हणून. त्या अर्थानं स्केच हा एक अर्जच असतो, आणि हार्टनेलनं राणीपुढं असे अर्ज एकामागून एक ठेवले.

पहिलं अगदी साधं, व्हिक्टोरिया राणीच्या थाटातलं. दुसरं एकदम मॉडर्न, अंगासरशी सडपातळ, किनारीला अर्मिनच्या (मुंगसासारखा, मऊ फरचा प्राणी) काळ्यापांढऱ्या शेपट्या, हे मला वाटतं त्यानं स्वतःच्या हौसेखातर काढलं असणार, कारण लग्नाच्या ड्रेससारखा घाट हवा असं सांगितल्यावर कोण सडपातळ झगा काढेल. मग एक मोठ्या घेराचं, चंदेरी लेसनं मढवलेलं. एक लिलीच्या फुलांचं. एक ओकच्या पानांचं आणि त्याच्या फळांचं, सोन्याचांदीच्या तारेत. एकात इंग्लंडचा ट्यूडर गुलाब. एकेक करून बघितलं तर कळतं की माणूस हळूहळू सरकतोय, निव्वळ सुंदर याच्याकडून काहीतरी अर्थ असलेलं याच्याकडं. लिली काय कुणाचीही, पण ट्यूडर गुलाब म्हटलं की इंग्लंड आलं. आणि इंग्लंड आलं की लगेच पुढचा प्रश्न, बाकीच्यांचं काय? स्कॉटलंडवाले काय गप्प बसणार आहेत?

आठव्या स्केचमध्ये तो तिथं पोचला. गुलाब इंग्लंडचा, थिसल स्कॉटलंडचं (जांभळं काटेरी फूल, आपल्या माळावरच्या उंटकटारीची आठवण येते), शॅमरॉक आयर्लंडचं, म्हणजे आपल्या आंबुशीसारखं तीन पानांचं, आणि वेल्सचं चिन्ह. सगळं पांढऱ्यावर चंदेरी. राणीला हे आवडलं. आणि मग आलं ते वाक्य. हे माझ्या लग्नाच्या ड्रेससारखंच दिसेल, पांढऱ्यावर चंदेरी, यात रंग टाकता येईल का? आणि हो, मी काही एकट्या ब्रिटनची राणी नाही, बाकीच्या देशांचीही चिन्हं घ्या. म्हणून नववा कागद.

मला या प्रसंगात राणी फार आवडते. लोक म्हणतात नऊ स्केचेस म्हणजे किती नखरे, पण नीट बघा, तिनं एकही गोष्ट उगाच नाकारलेली नाही. घाट तोच ठेवला कारण लग्नात तो तिला सोसला होता, अंगावर कसा पडतो ते तिला माहीत होतं, आणि अडीच-तीन तास चालणाऱ्या विधीत नवीन कटचा जुगार कोण खेळेल. बदल मागितला तो वरच्या नक्षीत. माझ्या साखरपुडा-लग्नवाल्या मुलीही हेच म्हणत असतात, मी तेव्हा ऐकून घेत नव्हते.

आता वेल्स. हार्टनेलनं मनाशी डॅफोडिल धरलं होतं, सुंदर पिवळं फूल, भरतकामाला सोपं. खात्री करून घ्यायला तो गार्टर किंग ऑफ आर्म्स सर जॉर्ज बेल्यू यांच्याकडं गेला, म्हणजे तिकडची मानचिन्हं, ढाली, कुणाचं काय अधिकृत आणि काय नाही हे सांगणारे सर्वोच्च अधिकारी. त्यांनी साफ सांगितलं, डॅफोडिल मिळणार नाही, वेल्सचं खरं चिन्ह लीक. लीक! म्हणजे कांद्याच्या पातीचा धिप्पाड भाऊ, सूपमध्ये घालतात तो. राज्याभिषेकाच्या झग्यावर भाजी. डिझायनरच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल याची कल्पना करा, तुम्ही पैठणीच्या पदरावर मोर मागायला जावं आणि समोरच्यानं म्हणावं की नियमानुसार पडवळ. त्यानं हुज्जत घालून बघितली, चालली नाही. शेवटी त्याला वेल्श गार्ड्स पलटणीच्या टोपीवरचा लीकचा बिल्ला आठवला आणि वाटलं की अरे, जमेल की. पांढरं रेशीम, फिकट हिरवी पाती, वर दवासारखे चमकते खडे, आणि लीक चक्क नाजूक दिसायला लागला.

या लीकच्या भानगडीकडं बहुतेक जण विनोद म्हणून बघतात पण माझ्या मते हाच या प्रकरणाचा कणा आहे. इथं स्केच डिझायनरच्या हातातून निघून गेलं. म्हणजे रेघ त्याची, पण काय काढायचं ते ठरवणारे दुसरेच, राणी, मानचिन्हांचा अधिकारी आणि राष्ट्रकुलातल्या देशांची यादी. त्याच्याकडं उरलं काय, तर कसं काढायचं तेवढंच, आणि त्या तेवढ्याशा जागेत त्यानं कमाल केली.

देशांची यादी बघा. कॅनडाचं मेपलचं पान, हिरव्या रेशमात, कडा सोन्याच्या तारेच्या (लाल पानाचा झेंडा 1965 ला आला, तेव्हा नव्हता). ऑस्ट्रेलियाचं वॅटल, म्हणजे आपल्या बाभळीच्या कुळातलं पिवळं गोंडेदार फूल, हे तर अधिकृत राष्ट्रीय फूल 1988 ला झालं, झग्यावर पस्तीस वर्षं आधी. न्यूझीलंडचा नेचा. दक्षिण आफ्रिकेचं प्रोटिया, गुलाबी छटांमध्ये. सिलोनचं कमळ. भारताचं कमळ. आणि पाकिस्तानचं गहू, कापूस आणि ताग.

भारताचं कमळ तिथं काय करत होतं हा प्रश्न मला पहिल्यांदा वाचताना पडलाच. आपण 26 जानेवारी 1950 ला प्रजासत्ताक झालो, 1953 ला ती बाई आपली राणी नव्हतीच, बाकी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान, सिलोन या सगळ्यांची होती. पण 1949 च्या लंडनच्या ठरावात असं ठरलं होतं की भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहील आणि राजाला फक्त राष्ट्रकुलाचा प्रमुख म्हणून मानेल. म्हणजे त्या झग्यावर बाकीची फुलं जरा प्रजेच्या नात्यानं आणि आपलं कमळ पाहुणा म्हणून. पंडित नेहरू त्या दिवशी ॲबीमध्ये, म्हणजे राज्याभिषेक झाला त्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमध्ये, हजर होते, तेही याच नात्यानं. कमळाच्या पाकळ्यांना शिंपल्याचं काम, बारीक मोती, खडे असं होतं. आणि गंमत म्हणजे भारताचंही कमळ आणि सिलोनचंही कमळ, दोन कमळं वेगळी कशी दाखवायची? मग सिलोनच्या कमळाला ओपल आणि हिरवं रेशीम. ज्यांना माहिती आहे त्यांनाच कळणार, पण केलंय.

पाकिस्तानचं तर मला फारच भारी वाटतं. सगळ्यांची फुलं-पानं आणि यांची पिकं! गव्हाच्या ओंब्या सोनेरी क्रिस्टलच्या, कापसाचं बोंड चंदेरी, आणि तागाची पानं हिरव्या रेशमात सोन्याच्या तारेसकट. आता हा ताग म्हणजे पूर्व बंगालचा. अठरा वर्षांनी तो भागच पाकिस्तानातून फुटून बांगलादेश झाला. दक्षिण आफ्रिका 1961 ला राष्ट्रकुलातून बाहेर पडली. सिलोनचं 1972 ला श्रीलंका झालं. म्हणजे त्या कागदावर हार्टनेलनं जो नकाशा काढला तो पुरती वीस वर्षंही टिकला नाही, सॅटिन मात्र अजून शाबूत आहे.

आता कारागिरी. मोजकी फुलं असती तर सोपं होतं, इथं अकरा-बारा वेगवेगळे आकार, वेगवेगळे रंग, कुणी पातीसारखं, कुणी गोंड्यासारखं, कुणी कणसासारखं, आणि सगळ्यांना सारखा मान. कुणी मोठं दिसायला नको कुणी लपायला नको. त्यानं स्कर्टचे तीन टप्पे पाडले, खालच्या कडेला कमानी कमानीचे, वरून खाली रुंद होत जाणारे, प्रत्येक टप्प्याच्या काठाला नळीसारखे सोनेरी मणी, खडे आणि मोती यांच्या ओळी. ब्रिटनची चिन्हं वर, आणि सगळ्यात खालच्या, सगळ्यात रुंद टप्प्यात सगळे देश. वर चोळीसारखा घट्ट भाग, आखूड बाह्या, गळा खांद्यावर चौकोनी आणि मध्ये बदामाच्या आकारात वळलेला. रंग सगळे एकदम फिके, धुतलेले वाटावेत असे, फिकट गुलाबी, फिकट जांभळा, फिकट हिरवा. कारण गडद रंग टाकले असते तर लांबून भाजीबाजार दिसला असता. नाटकाचा अनुभव म्हणतात तो हा.

बाकी आकडे सांगून टाकते. सहा भरतकाम करणाऱ्या बायका, तीन हजार तास. रेशीम केंटमधल्या लुलिंगस्टोनच्या रेशीम फार्मचं, म्हणजे यावेळी किडे इंग्लंडमध्येच पाळलेले, 1947 च्या भांडणाचा प्रश्नच मिटला. आणि वजन! ज्यांनी दबका आणि खड्यांचं जड काम केलेला घागरा कधी हातात धरलाय त्यांना माहिती आहे, नुसतं कापड असं वजन पेलत नाही, ते खाली ओढलं जातं, घेर लुळा पडतो आणि चालताना पायात येतो. आपण आता आत कॅनकॅन घालतो, बकरम लावतो. हार्टनेलच्या लोकांनी स्कर्टला आतून क्रीम रंगाच्या टॅफेटाचं, म्हणजे जरा कडक रेशमी कापडाचं, अस्तर दिलं आणि घोड्याच्या केसांच्या कडक कापडाचा आधार लावला, म्हणजे फुलं अंगावर न लोंबता घेरावर उभी राहतील. हे स्केचमध्ये कुठंच दिसत नाही. स्केचमधली बाई तर हवेत तरंगत असते, तिच्या झग्याला वजन नसतं. कागदावरचं फूल आणि अंगावरचं फूल यात हा जो फरक आहे तो नंतर वर्करूममधल्या बायका भरून काढतात, त्यांची नावं कुणी छापत नाही.

प्रत्यक्ष समारंभात काय झालं ते ऐका. राणी आली तेव्हा खांद्यावरून लाल मखमली झूल, मागं सहा मुली ती धरून, त्यांचे ड्रेससुद्धा हार्टनेलचेच. मग सगळ्यात पवित्र विधी, तेलाचा अभिषेक, तेव्हा दागिने आणि झूल उतरवून या भरजरी ड्रेसवरून एक साधा पांढरा झगा चढवला. म्हणजे तीन हजार तासांची मेहनत नेमकी त्या क्षणाला झाकलेली! आणि तो क्षण टीव्हीवर दाखवलाही नाही. बरं टीव्हीचं बघा, ब्रिटनमध्ये दोन कोटी सत्तर लाख लोकांनी तो समारंभ पाहिला असं सांगतात, आणि पाहिला तो ब्लॅक अँड व्हाइट. ज्या रंगांसाठी आठवं स्केच परत पाठवलं ते रंग घरी बसलेल्या एकालाही दिसले नाहीत. ॲबीत बसलेल्यांना दिसले, आणि नंतर थिएटरात रंगीत फिल्म बघणाऱ्यांना. जाताना परत वरून जांभळी झूल, ती वेगळ्याच लोकांनी केलेली, रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या बारा बायका आणि साडेतीन हजार तास, म्हणजे झग्यापेक्षा झुलीलाच जास्त वेळ लागला.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर डिझाइन म्हणून हा झगा मला फार ग्रेट वाटत नाही. गर्दी आहे. 1947 लाच पॅरिसमध्ये डिओर या फ्रेंच डिझायनरनं बारीक कंबर आणि मोठ्या घेराचा नवा घाट आणून धमाल उडवली होती, त्यामानानं हार्टनेलचा घेर म्हणजे आजीच्या जमान्यातला घेर. त्याच्यावर तेव्हाही जुनाट म्हणून टीका व्हायचीच. दुसरं स्केच, ते सडपातळवालं, झालं असतं तर आज फॅशनच्या इतिहासात जास्त कौतुकानं नाव घेतलं असतं असं मला वाटतं. पण तसा ड्रेस घालून ती बाई त्या दिवशी एक फॅशनेबल तरुणी दिसली असती. आणि तिला तर लोकांना तीच तीच जुनी राणी, व्हिक्टोरियापासून चालत आलेली, परत दिसायला हवी होती. तो हिशोब हार्टनेलला कळला होता. डिओरला कळला असता का, मला शंका आहे.

आणि ड्रेस कपाटात ठेवून दिला नाही हेही सांगायला पाहिजे. राणीनं तो नंतर सहा वेळा घातला. 1954 च्या दौऱ्यात न्यूझीलंडची संसद उघडताना, मग ऑस्ट्रेलियात, मग एप्रिलमध्ये कोलंबोला, आणि 1957 ला कॅनडात. यादीत आपलं चिन्ह टाकलं असं नुसतं सांगायचं नाही, ते अंगावर घालून तुमच्या दारात यायचं. कोलंबोचा एप्रिल म्हणजे आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखा चिकट उकाडा, त्यात टॅफेटाचं अस्तर, घोड्याचे केस, वर मणी आणि खडे तापलेले. त्या कमळाची किंमत तिनं तिथं मोजली म्हणायची. पुढं 2022 ला विंडसर कॅसलमध्ये तो ड्रेस प्रदर्शनात मांडला होता, फोटो नेटवर आहेत, झूम करून खालचा टप्पा बघा, कमळ सापडतं.

आणि फोटोत शोधणारच असाल तर अजून एक गोष्ट शोधा. डाव्या बाजूला, जिथं राणीचा हात सहज टेकेल अशा ठिकाणी, एक जादा शॅमरॉक आहे, तीन नाही चार पानांचं, शुभशकुन म्हणून. हे कुठल्या सूचनेत नव्हतं, बेल्यूसाहेबांना विचारलेलं नव्हतं, राणीलाही सांगितलेलं नव्हतं. बाकीच्या प्रत्येक पानाला आणि पाकळीला मंजुरी होती, हे तेवढं हार्टनेलनं गुपचूप भरून टाकलं.